कुंपणाबाहेरचे वाँग

मिस्टर लींना मी फारसं ओळखत नव्हतो. अमेरिकेत, नेपरव्हिलच्या स्टेशनजवळ त्यांची लाँड्री होती, माझे शर्ट तिथे जात, एवढंच. कॉलर बघून ते म्हणत, "इंजिनियर, हळद जेवणात घालायची. नवऱ्याला नाही लावायची."

"आमच्याकडे लावतात. लग्नात."

"मग अजून चालूच आहे का लग्न?"

लाँड्री बंद झाल्यावर, १९८६च्या जानेवारीत त्यांचा फोन आला. दक्षिणेकडच्या एका लहान गावी न्याल का, म्हणाले. वाटेत त्यांनी कारण सांगितलं. त्या गावात त्यांचे वडील लोकांचे कपडे धुवायचे. ते वारले तेव्हा गावाने चिनी माणसाला स्मशानात जागा दिली नाही, कुंपणाबाहेर पुरलं. आता तिथे पार्किंग होणार होतं. नातेवाईक आले नाहीत तर अस्थी सामाईक खड्ड्यात जाणार होत्या. मिस्टर लींना त्या चीनमध्ये आपल्या गावी, आईशेजारी ठेवायच्या होत्या.

स्मशानाच्या ऑफिसातली बाई चांगली होती. तिने आम्हाला कॉफी दिली.

"दगडावर वाँग आहे," ती म्हणाली. "तुम्ही ली. ते तुमचे कोण?"

मिस्टर लींनी टोपी काढून हातात धरली.

"गाववाले," ते म्हणाले.

"मग मला देता येणार नाहीत. सॉरी."

बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंत?

"तेव्हा चिनी मजुराच्या मुलाला या देशात येऊ देत नव्हते. ली नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून आलो मी. आज वाँग म्हटलं, तर माझी मुलं कोण ठरतील?"

"आता कायदे बदललेत. मी साक्ष देतो."

"कसली? शर्टांची?"

ते कुंपणापलीकडे गेले. वाकून त्यांनी हाताने बर्फ बाजूला केला, मूठभर माती घेऊ पाहिली. जमीन गोठली होती, नखंही रुतेनात. मी गाडीजवळ उभा राहिलो. मदतीला जावं की न जावं, ते मला ठरवता आलं नाही.

मार्चमध्ये मिस्टर ली वारले, पार्किंगचं काम सुरू व्हायच्या आधीच. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी परतल्यावर ते घरासमोर माझ्या गाडीतून उतरले, तीच आमची शेवटची भेट.

"दार लागलं का?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"नाही. पुन्हा ढकला."

"आता?"

"लागलं."