धूर नव्हे, पावडर

आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलीइतके वर जाण्याविषयी उदासीन आणि खाली येण्याविषयी काटेकोर माणूस रत्नागिरीत दुसरे झाले नाही. अंतराळात पोहोचणारे रॉकेट बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चमूची ती प्रमुख होती. पण तिची सारी चिंता परतीची. "वर काय, कोणीही जातं आजोबा. शाबूत उतरायला हवं," असे ती सांगे. पॅराशूटची परीक्षा म्हणून तिने माडीवरून प्रथम नारळ सोडला, मग माझा चष्मा, त्याच्या घरासकट, आणि शेवटी कच्चा फणस. चष्मा फुटला असे जे सांगतात, त्यांनी येऊन तो माझ्या नाकावर पाहून जावा.

फुटला तो फणस. आमच्या दमट हवेत पॅराशूटच्या घड्या एकमेकींना चिकटल्या. गावाबाहेरच्या कातळी सड्यावर होणाऱ्या चाचणीत असेच होऊन छोटे रॉकेट आपटले, तर कॉलेज पुढच्या मोठ्या रॉकेटला परवानगी देणार नव्हते. तिने चहा सोडला. मग एके सकाळी माझा कॅरमच्या पावडरीचा डबा नाहीसा झाला.

"सोंगट्या सरकतात, तर घड्या का नाही सरकणार?" तिने मलाच विचारले.

"डबा विचारून न्यावा."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

हे खरे होते.

चाचणीच्या दिवशी जांभ्या दगडाच्या त्या उघड्या सड्यावरून रॉकेट सुटले, ठिपक्याएवढे झाले आणि आभाळात पांढरा लोट उठला. "फुटलं," तिचे प्राध्यापक म्हणाले. मुलांनी माना खाली घातल्या.

"धूर नव्हे तो. पावडर आहे, माझी," मी म्हणालो.

लोटाखाली केशरी छत्री उमलली आणि रॉकेट वाळल्या गवतात अलगद टेकले. ते फुटलेच, असे सांगणारे गावात अजून आहेत. ते सारे त्या सकाळी मासळीबाजारात होते.

परवानगी मिळाली. मोठे रॉकेट बांधायला चमू दूर गेला, तीही गेली. जाताना डबा परत दिला. तळाशी चमचाभर पावडर होती. "राहू दे आजोबा, परत आले की लागेल."

हल्ली माझी राणी भोकापाशी अडते. "अण्णा, हात थरथरतो तुमचा," शेजारी म्हणतो. हात थरथरत नाही. बोर्ड कोरडा आहे. घरात पावडर असताना नवी विकत आणणे मला मान्य नाही, आणि घरातली परतीसाठी राखलेली आहे.