स्क्रू नसलेले मशीन

मशीनचे टेबल पुढे-मागे नेणारा लांब स्क्रू झिजला, की दिशा बदलताना टेबल क्षणभर अडखळते. बारामतीच्या कारखान्यांत या ढिलाईला ‘प्ले’ म्हणतात. श्रीपादरावांच्या कारखान्यात ती शोधण्याचे काम अंथुर्ण्याच्या सोनबातात्या रुपनवरांचे होते. वालचंदनगरला उमेदवारी करून फिटर झालेले तात्या डोळे मिटून स्क्रू हाताने फिरवीत, थांबत, पुन्हा उलटा फिरवीत. मधली रिकामी जागा हाताला लागली, की स्क्रू अजून किती निभावेल ते सांगत. त्यांना जो काही मान होता तो या हाताचा होता.

गेल्या उन्हाळ्यात उसाला पाणी देताना ते बांधावरच कोसळले. पुण्याच्या डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. कारखान्यात मात्र तात्यांनी हर्नियाचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले.

“चोरी केलीया व्हय, लपवायला?” लीलाबाईंनी नवऱ्याला विचारले.

“छातीत मशीन हाय म्हणल्यावर माझ्या हातात पाना कोण देईल?”

ही भीती निव्वळ अहंकाराची नव्हती. ज्याचे कौशल्य त्याच्या शरीरातच साठलेले असते, त्याच्या दुखण्याची वार्ता कौशल्य संपल्याची वार्ता म्हणूनच पसरते. कारखान्यातल्या एका वेल्डरला हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर मालकांनी दयेपोटी त्याला गेटवर बसवले होते. पगार तोच राहिला, पण त्याला कोणी काही विचारीनासे झाले. दयेने माणूस कसा बाजूला सारला जातो, हे तात्यांनी पाहिले होते.

श्रावणात श्रीपादरावांनी नवे मशीन आणले.

“यात स्क्रूच नाही, तात्या,” ते उत्साहाने सांगू लागले. “गोल मोटर उभी चिरून सपाट पसरली आहे असं समजा. खाली चुंबकांची रांग, वर टेबलाला तारेची वेटोळी. वीज सोडली की टेबल आपण होऊन धावतं. ढकलणारं आणि ढकललं जाणारं एकमेकांना शिवतसुद्धा नाही.”

“मंजी प्ले न्हाय.”

“नाही.”

मशीनभोवतीच्या साखळीवर पिवळी पाटी लटकत होती, तिच्यावर हृदयाचे चित्र आणि त्यावर तिरपी काट. तात्यांना ती कोणी समजावून सांगावी लागली नाही. मोठ्या चुंबकापासून लांब राहा, असे डॉक्टरांनी बजावलेच होते. तेव्हापासून ते त्या बाजूला फिरकेनात.

नवे मशीन चालवणारी रेश्मा सोमेश्वरनगरची, जिभेने तिखट. “तात्या नव्या सुनेचं तोंड बगत न्हाईत,” ती म्हणाली, आणि ही थट्टा सगळ्या शेडमध्ये फिरली. तात्यांनी ती फिरू दिली. आजारी ठरण्यापेक्षा मत्सरी ठरणे त्यांना सोसवत होते.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात पूजेचा एक दंडक होता आणि तो तात्यांनीच घातलेला होता: कुंकू पत्र्याच्या कव्हरवर लावायचे नाही, कव्हर काढून जो भाग राबतो त्याला लावायचे, आणि ते शेडमधल्या वडीलधाऱ्याने. रेश्माने तो मनोभावे पाळला. पाने-हातोडे चुंबक ओढील म्हणून तिने दूरच्या टेबलावर मांडले, ताट पितळेचे घेतले, वीज बंद केली आणि नव्या मशीनचे कव्हर काढून चुंबकांची रांग उघडी केली. वीज बंद असली तरी चुंबकांची ओढ कायम होती, आणि कुंकू लावायला त्या रांगेवर छातीने ओणवे व्हावे लागणार होते.

जुन्या मशीनांची पूजा आटोपली. ताट हातात घेऊन तात्या पाटीच्या अलीकडे थांबले.

“रुसवा सोडा की आता,” रेश्मा म्हणाली. “का माझ्या मशीनला अवदसा लागावी म्हणता?”

कोणी हसले, कोणी हसले नाही. श्रीपादराव शांतपणे म्हणाले, “तात्या, तुमचा हात लागल्याशिवाय मी हे मशीन पुन्हा चालू करणार नाही.”

तो मान होता, आणि त्यातच कोंडी होती. पुढे जावे तर जिवाशी खेळ. मागे सरावे तर पोरीच्या मशीनला शाप दिल्यासारखे. ती ओठ दाबून वाट पाहत होती. स्वतःवरचा गैरसमज त्यांनी खपवून घेतला होता, पण तिच्या कामावर सावली पडू देणे त्यांना जमेना. त्यांनी ताट तिच्या हाती दिले.

“हर्निया नव्हता पोरी. हितं यंतर बसवलंय,” गळ्याखाली बोट टेकवून ते म्हणाले. “त्याला ह्या चुंबकाची संगत चालत न्हाय. माझा रुसवाबिसवा काय न्हाय. तू लाव कुंकू.”

रेश्माने ताट खाली ठेवले आणि आधी कव्हर बसवायला घेतले.

“आगं, पूजा?”

“दंडक तुमचा हाय ना? मग तुमीच मोडा. आज कव्हरवर लावू.” कव्हरची कड दाबून बसवत ती पुटपुटली, “आन् मी आपली येड्यासारखी सून-सून करत बसले.”

कव्हर बसल्यावर तिने त्यावर कुंकवाचे बोट टेकवले. तात्यांनी लांबूनच हात जोडले.

श्रीपादराव तात्यांजवळ आले. मग म्हणाले, “तात्या, आता दगदग कमी करा. ऑफिसात एक टेबल—”

“साहेब, बाकीच्या मशिनीत अजून स्क्रू हायेत.”

श्रीपादरावांनी रांगेतल्या त्या जुन्या मशीनांकडे पाहिले. “आहेत,” ते म्हणाले. “ती तुमचीच. या पाटीच्या आत मात्र पाऊल टाकायचं नाही.”

दसऱ्यानंतर काम सुरू झाले. एका जुन्या मशीनवरचा जड व्हाईस, म्हणजे काम आवळून धरणारा शिकंजा, उचलायला तात्या वाकताच दोघे जण धावले. तात्यांनी कपाळाला आठी घालून दोघांनाही मागे सारले, व्हाईसला हात घातला, आणि जरा थांबून त्यातल्या एकाला म्हणाले, “धर. पर तुज्या बाजूचाच.”