कडेचं प्यादं

चाकणच्या आमच्या कंपनीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि उरलेली वीस मिनिटं मॅग्नेटच्या पटावर घालवायची. समोर माझ्याच प्रेस लाइनवरचे काका, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातले. बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं आणि अकरा वर्षांत एकदाही जिंकू दिलं नाही. त्या शनिवारी ते निवृत्त होणार होते. एक डाव तीन-चार दिवस चालायचा; मंगळवारी शेवटचा मांडला तेव्हाच मी ठरवलं, यांना हरवल्याशिवाय गेटबाहेर सोडायचं नाही.

डाव बंद होत गेला. मधली प्यादी समोरासमोर अडकली, पण माझी पुढे सरकून अडकलेली, म्हणून मोकळी जागा सगळी माझ्याकडे. त्यांचा एक उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला, हत्तींना वळायला वाव नाही. बुधवारी त्यांनी घोड्यावर घोडा देऊ केला.

"घे की भावा."

मी घोडा मागे घेतला. अडचणीतल्या माणसाची सोंगटी मारली की त्याचंच घर मोकळं होतं, हा धडाही त्यांचाच. काकांनी मान खाजवली. अकरा वर्षांत मी त्यांना मान खाजवताना पाहिलं नव्हतं!

गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. मोबाइलवर काढलेला पटाचा फोटो मी दिवसभर बघत बसलो. जेवणात लक्ष नाही, बायको दोनदा ओरडली. चाल दिसत होती. माझं कडेचं प्यादं त्यांच्या राजाच्या दिशेने निघालेलं होतं, मागे हत्ती उभा होता. ते आणखी एक घर रेटलं की ती बाजू फुटणार.

शुक्रवारी मी ते रेटलं नाही.

मी पडलो डाय सेटर, पत्रा दाबायच्या प्रेसवर साचे बसवणारा. आमच्याकडे सेटिंग पक्कं झाल्याशिवाय, पहिला पीस ओके झाल्याशिवाय कुणी मशीन पळवत नाही. आवळलेला बोल्टसुद्धा आम्ही पुन्हा पाना लावून बघतो. मला वाटलं, दुसरा हत्तीही मागे आणू. मग वाटलं, माझा राजा मधे उघडा पडलाय, त्याला आधी बाजूला नेऊ. सुट्टी संपल्याचा हूटर झाला तेव्हा माझं सेटिंग अगदी फर्स्ट क्लास होतं.

शनिवारी काकांनी बसल्या बसल्या स्वतःचं कडेचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि माझ्या प्याद्याच्या नाकासमोर उभं केलं. वाट बुजली. शेजारून फोडावं तर तिथे त्यांच्या घोड्याचा आणि दुसऱ्या उंटाचा पहारा. माझे दोन्ही हत्ती एकामागे एक नुसते उभे. स्वतःचा इतका राग आला की पुढच्या चाली मी कशा खेळलो ते आठवत नाही. एवढी जागा होती, आणि मी ती झाडूनपुसून ठेवत बसलो होतो.

हूटर झाला. "बरोबरी," मी म्हणालो.

काका सोंगट्या डब्यात भरत होते.

"काल ते प्यादं रेटलं असतंस तर मी मेलो हुतो," ते म्हणाले. "काल हूटर होईपर्यंत त्याचीच वाट बघितली. आज घरी सांगायचं हुतं, मीच शिकवलेल्यानं मला हरवलं म्हनून."