मागणी क्रमांक २१४

विद्युलताचे वडील तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात मापं तपासायचे. आकडा आपणहून चुकत नाही, कुणीतरी माणूस चुकलेला असतो, असं ते म्हणत. सेहेचाळिसाव्या वर्षीही ती हेच मानत होती. पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिची एकोणीस वर्षं याच विश्वासावर गेली होती.

ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यातली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी लिहीत होती. कारखान्याच्या सहाशेवर मागण्या साचल्या होत्या आणि त्यातल्या वीसच पुढच्या महिन्यात द्यायच्या होत्या. त्या निवडायला विद्युलताने कामाच्या यादीत ‘प्राधान्य’ हा नवा रकाना बांधला. टीममधल्या सहा जणांनी प्रत्येकी शंभर गुण हव्या त्या मागण्यांवर वाटायचे. जास्त गुणांच्या वीस मागण्या ‘अत्यावश्यक’, बाकीच्या ‘नंतर’. रकाने बांधणाऱ्या विद्युलताला मत नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराला मतं दिली गेली. बेरीज सातशे आली.

जादा शंभर गुण एकाच मागणीवर होते, क्रमांक २१४: ‘रंग वाळवायच्या भट्टीचं दार आतूनही उघडावं.’ त्या मागणीला आपण एकही गुण दिला नाही, असं सहाही जणांनी सांगितलं.

तिने सूत्र तपासलं. रकाना पुसून पुन्हा बांधला. मंगळवारी मतं कागदावर घेतली, स्वतः मोजली, सहाशे भरली. मग एकेक आकडा यादीत चढवला. खाली सातशे.

“ताई, तुमच्या राज्यात बोगस मतदान?” मॅनेजर क्षितिज हसला. तो पुण्याचा, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. “उद्या दुपारी यादी कारखान्याला जायचीय. ते शंभर काढून टाका, २१४ जाईल ‘नंतर’मध्ये.”

“मागणी कोणाची आहे, ते तरी बघते.”

मागणी तीन वर्षांपूर्वी नोंदलेली होती. मागणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

बुधवारी सकाळी तिने सुंदरला फोन लावला. तो कारखान्याच्या रंगखात्याचा सुपरवायझर, तंजावरकडच्या मराठी घरातला. कामाच्या निमित्ताने ओळख झाल्यापासून तो तिच्याशी हट्टाने मराठीच बोले.

“भट्टीचं दार?” सुंदर म्हणाला. “कुठली भट्टी, अक्का? आमच्याकडे ट्रकच्या रंगवलेल्या कॅबिन उघड्यावर वाळतात. भट्टी पुढल्या महिन्यात येणार.”

“तीन वर्षांपूर्वी ठरलं होतं का तिचं?”

“अय्यो, मागल्या दिवाळीपर्यंत कुणाच्या डोक्यातही नव्हतं.”

‘नंतर’ म्हणजे निदान सहा महिने, हे तिला ठाऊक होतं.

“दार कशावर चालणार?”

“तुमच्याच सॉफ्टवेअरवर. बाहेरून बटण.”

“आणि आत झाडायला कोण जाणार?”

“पहिले काही दिवस मीच. नव्या यंत्रात पोरांना कसा पाठवू? का, अक्का? तुम्ही येताय झाडायला?”

“बघते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मजला रिकामा झाला. विद्युलताने आयुष्यात प्रथमच नेमून न दिलेला अधिकार वापरला. मतदारांत स्वतःचं नाव घातलं आणि आपले शंभर गुण २१४ वर टाकले. आता आठशे व्हायला हवे होते.

बेरीज सातशेच राहिली.

क्षितिज डबा धुऊन आला आणि तिच्या खांद्यावरून स्क्रीन बघू लागला. “तुम्हीही मत दिलंत? मग सात जण, सातशे. जुळलं की.”

तो गेल्यावर तिने २१४ च्या मतांचा इतिहास उघडला, सोमवारी कोरा निघालेला. त्यात एकच मत होतं, तिच्या नावाचं. वेळ सोमवार सकाळ, अकरा वाजून चार मिनिटं. तेव्हा तिला मत नव्हतं, आणि ही मागणी तिने वाचलीही नव्हती.

तिने वेळ दोनदा वाचली. मग मागणाऱ्याच्या कोऱ्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, २१४ ‘अत्यावश्यक’मध्ये ठेवून ‘प्राधान्य’च्या रकान्याला कुलूप घातलं आणि यादी ओरगडमला पाठवून दिली.