दोन्ही चाकं सारखी

“वळण चांगलं हाय,” असं मागून ऐकू आलं आणि मला वाटलं, गाडीबद्दल चाललंय. दौंडला आम्ही स्थळ बघायला गेलो होतो, त्या घराच्या अंगणात पांढरी, जुनी ॲम्बॅसिडर उभी होती. मुलाचे आजोबा स्टिअरिंग फिरवून दाखवत होते आणि पुढची चाकं जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे वळत होती. मग मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, “किती गप असती बघा.” तेव्हा कळलं, वळण माझं होतं. इंग्रजी शाळेमुळे काही मराठी शब्द मला अजून अर्धेच येतात.

शिरूरहून निघताना आई म्हणाली होती, नुसतं बघून यायचं. पण बाहेरच्या खोलीत ताटात नारळ आणि सुपारी आधीच मांडून ठेवलेली होती. सुपारी फोडली की लग्न ठरलं. त्यानंतर नाही म्हटलेली मुलगी आमच्या नात्यात मी तरी पाहिलेली नाही.

जेवणं झाल्यावर आजोबांनी आम्हा बायकांना गाडीतून शेत दाखवायला नेलं. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. माझे वडील आणि तो मुलगा घरीच थांबले. मागच्या सीटवर मी मध्ये, दोन्ही बाजूंना दोन आया, त्यांच्या पदरांखाली माझे दोन्ही हात. काचा निम्म्याच खाली होत होत्या.

परत फिरायचं तर रस्त्याच्या एका बाजूला पाटाच्या पाण्याची चारी, दुसरीकडे ऊस. आबांनी स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं. टायर घासल्याचा आवाज आला, गाडी थोडी वळली आणि चारीच्या काठावर अडली. मागे, पुढे, पुन्हा मागे. मागून ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवू लागला. त्यावरचा माणूस ओरडला, “आबा, गाडी फिरवताय का शेत नांगरताय?”

आबा हसले. स्टिअरिंगशी झुंजत सांगू लागले, पूर्वी वळताना या गाडीचं वळणाच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायचं. त्यांच्या डोळ्यांना ते खुपायचं. म्हणून त्यांनी चाकं वळवणारे लोखंडी आर्म भट्टीत तापवून वाकवून घेतले. आता दोन्ही चाकं अगदी सारखी वळतात.

मी रांजणगावला कारखान्यात स्टिअरिंगचे सुटे भाग तपासते. आतलं चाक जास्त वळावंच लागतं, कारण त्याला लहान वर्तुळात फिरायचं असतं. सारखी वळवलेली चाकं एकमेकांना ओढत राहतात आणि टायर फरफटतात. सरळ रस्त्यावर यातलं काहीच कळत नाही.

“सूनबाईला इचारा,” आबा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. “ती त्यातलीच हाय. बरोबर केलं का न्हाई मी?”

सुपारी फुटायच्या आधीच मी सूनबाई झाले होते. आईनं कोपरानं हलकेच ढोसलं. आईचा तो ढोसा मला लहानपणापासून माहीत आहे, बोल आणि बोलू नको या दोन्हींसाठी तो एकच असतो. मी हसल्यासारखं केलं.

“बघा, पटलं तिला,” आबा खूश होऊन म्हणाले.

मुलाच्या आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्या डोक्यावरूनच आईला सांगितलं की नोकरीचं नंतर बघू, तशी ती सोडावीच लागेल, दौंडहून रोज रांजणगाव कुठं जमायचंय. घरी गेल्या गेल्या सुपारी फोडून घेऊ. पोरगी सकाळपासून एकाही गोष्टीला न्हाई म्हणालेली न्हाई.

आई मान डोलावत होती. गाडी एकदाची सरळ झाली, घराच्या दिशेनं. ट्रॅक्टरवाल्यानं वाट करून दिली. चारी मागे पडली, पुढे पत्र्याचं फाटक दिसू लागलं. फाटकात तो मुलगा आणि माझे वडील उभे होते, वडिलांच्या खांद्यावर मानाचा नवा टॉवेल होता.

“आबा, गाडी थांबवा,” मी म्हणाले. “आज सुपारी फोडू नका. मी हो म्हटलेलं नाही.”