यानातली म्हातारी

रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर यान सुटायचं आणि सव्वादहाला आमच्या गावची लाईट जायची. सेनगावपासून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. नव्वदच्या दशकात अंतराळयानाची ती हिंदी मालिका लागायची तेव्हा शाळेतल्या गुरुजींच्या टीव्हीपुढं पाय ठेवायला जागा नसायची. वाट चुकलेलं यान, त्यात एक मिशाळ कप्तान, सहा गडी आणि एक पत्र्याचा यंत्रमानव. ते पृथ्वीवर परत येणार की नाही, या एका प्रश्नानं अख्ख्या गावाला वेड लावलं होतं.

माझ्या काकूला मात्र ती बघायला मिळायची नाही. तिनंच मला लहानाचं मोठं केलं. रविवारीही ती कापूस वेचायला जायची. संध्याकाळी चुलीपुढं बसून मी तिला भाग सांगायचे, लाईट गेल्यानंतरचासुद्धा. न पाहिलेलं सांगायला मला जास्त मजा यायची, हे आधीच कबूल करते.

एकदा काकू म्हणाली, "काहून गं, त्या जहाजात बाई न्हाई का एखादी? एवढ्या गड्यांचं खाणंपिणं कोण बघून राहिलं?"

"हाय ना!" मी ठोकून दिलं. "एक म्हातारी हाय. तिनं डब्यात माती भरून तूर लावली. तिला इचारल्याबिगर कप्तान बी यान वळवत न्हाई."

ऐकता ऐकता काकूची भाकरी तव्यावर करपली. त्या दिवसापासून तिला कप्तानाशी काही देणंघेणं राहिलं नाही. "म्हातारी काय म्हणली?" एवढंच विचारायची. मग मीही दर रविवारी म्हातारीला कामाला लावायचे. तिनं यंत्रमानवाला डाळ निवडायला शिकवलं. भांडणाऱ्या दोन गड्यांना उपाशी ठेवून वठणीवर आणलं. पुढं एका रविवारी मालिका मधेच बंद पडली. यान तिकडंच राहिलं आणि आमची म्हातारीही.

सात-आठ वर्षांनी मी हिंगोलीला कॉलेजात असताना टॉकीजवर हे भलं मोठं पोस्टर लागलं. त्याच मालिकेवरचा सिनेमा! मी भररस्त्यात ओरडले. मिळेल त्या गाडीनं गावात आले आणि घरोघर सांगत सुटले. दुसऱ्याच दिवशी जीप ठरली. काकूनं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि म्हणाली, "म्हातारी घरी येती का न्हाई, तेवढं बघायचंय."

आनंदाच्या भरात मी म्हातारीला साफ विसरले होते! खरं सांगून टाकायला हवं होतं, पण काकूचा चेहरा इतका फुलला होता की माझी जीभ रेटेना.

दुपारच्या खेळाला आम्ही चौदा जण गेलो. पडद्यावर यान आलं आणि शिट्ट्यांनी टॉकीज दणाणलं. माझ्या अंगावर काटा आला, म्हातारीचं भय असूनही. मग कप्तान दिसला. गोरागोमटा, तुळतुळीत दाढी केलेला.

"मिशी कुठं गेली रे?" मागून कोणीतरी ओरडलं.

मिशीचं सोडा. यान पहिल्या अर्ध्या तासातच पृथ्वीवर उतरलं. वाट कशी सापडली, कोणी काही सांगेना. त्यानंतर कप्तानाचं लग्न जुळवणं आणि यंत्रमानवाचा नाच. ज्या प्रश्नापायी आम्ही इतकी वर्षं तळमळलो, तो त्यांनी चुटकीसरशी उडवून लावला होता. मला असा संताप आला की पडद्यावर चप्पल भिरकावावी. मध्यंतरात काकूनं विचारलं, "म्हातारी मागून येती का?" "बघू," मी म्हणाले. भित्री कुठली!

परतताना जीपमध्ये सगळे सिनेमाला शिव्या घालत होते. एवढ्यात आमचे शेजारी, जे दर रविवारी गुरुजींकडं पहिल्या रांगेत बसायचे, ते तावातावानं म्हणाले, "आन् ती तुरीवाली म्हातारी? तिलाच काढून टाकलं की लेकाच्यांनी!"

"व्हय! म्हातारीबिगर काय राहिलं त्यात?" बाकीचेही म्हणाले.

मी थक्क झाले. काकूनं वेचणीत बायांना सांगितलं होतं, बायांनी घरी. जो तो धरून चालला होता की म्हातारी लाईट गेल्यावर येत असणार आणि लाईट असलेल्या गावात कोणीतरी तिला बघत असणार. आता मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं.

पण काकू हळूच म्हणाली, "मेली असंल ती. म्हणून दाखवली न्हाई."

ते मला सोसवलं नाही. "काकू, म्हातारी नव्हतीच. मी घातली व्हती. तुझ्यासाठी."

काकूनं तोंड बाहेर फिरवलं. "लबाड," एवढंच म्हणाली. माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत तिनं माझ्या एकाही शब्दावर शंका घेतली नव्हती.

वाटेतलं नर्सी गाव मागं पडलं. मग काकूचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"म्हंजी मेली न्हाई ना ती?"

"न्हाई."

"मंग सांग की. घरी कशी आली?"

ड्रायव्हरनं टेप बंद केला. मी डोळे पुसले आणि सांगू लागले, "म्हातारीनं आधी डब्यातली तूर काढून घेतली. मंग कप्तानाला म्हणली, आता वळव."