नवमीला गेलेलं नाव

मी नावं विकतो. म्हणजे दुकानदारांना, डॉक्टरांना, क्लासवाल्यांना इंटरनेटवरचा पत्ता घेऊन देतो, आमच्या धंद्यात त्याला डोमेन म्हणतात, आणि त्यावर वेबसाइट उभी करून देतो. राहायला डोंबिवलीत, ऑफिस नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर. खाली इंजेक्शनला घाबरलेली पोरं रडत असतात, वर मी. इतकी वर्षं हे केलंय की हल्ली कुणी काय करता विचारलं तर "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगून विषय बदलतो.

मला थकवलंय ते कामाने नाही, दरांनी. पहिल्या वर्षी नाव एका मिसळीच्या भावात. दुसऱ्या वर्षी त्याच नावाला पंधराशे. मोठी कंपनी पहिला आकडा जाहिरातीत ओरडून सांगते, दुसरा सांगायला आम्हा एजंटांना पुढे करते. त्यातही गंमत अशी, की मला घाऊकात जो दर पडतो त्याहून स्वस्तात ती पहिल्या वर्षी थेट गिऱ्हाइकाला नाव देते. म्हणजे माझी स्पर्धा कुणाशी, तर ज्याच्याकडून मी माल घेतो त्याच्याशीच. दुसऱ्या वर्षीचं बिल गेलं की फोन येतो, आणि समोरचा काही बोलायच्या आधी त्याच्या आवाजात मला 'चोर' ऐकू येतं. डोंबिवलीच्या एका दातांच्या डॉक्टरांनी तर तोंडावर विचारलं, "नाव माझं, मग ते तुमच्या खात्यात कशाला? उद्या अडवायला?" त्यांना त्रास नको म्हणून मीच पदरचे पैसे घालून ते घेतलेलं. त्या दिवशी कानाला खडा लावला. यापुढे कुणाचंही नाव आपल्या खात्यातून घ्यायचं नाही. गिऱ्हाइकाचं कार्ड, गिऱ्हाइकाचं खातं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर.

ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून एक काकू दिवाळीचा फराळ करतात. साठी ओलांडलेल्या, यजमान गेलेले, हाताखाली दोन बायका. फराळ सासूबाईंच्या नावाने विकला जातो, कारण चकलीच्या भाजणीचं प्रमाण त्यांचं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आजही घाणा बिघडला की काकू भिंतीवरच्या फोटोकडे बघून "अहो, बघताय ना," म्हणतात. परदेशातल्या ऑर्डरी सगळ्या फोनवरून यायच्या आणि त्यात घोटाळे व्हायचे. म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती, आणि पत्ता एकच हवा होता: सासूबाईंचं नाव आणि पुढे फराळ. "तिकडे परदेशात एखाद्या मुलीने कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाइप केलं की आमची चकली दिसली पाहिजे," असं त्यांचं साधं म्हणणं.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पितृपक्ष चालू होता. काकूंनी विचारलं, "हे नाव मिळेल का हो?" मी रुबाबात लॅपटॉप उघडला, कंपनीच्या साइटवर नाव टाकून शोधलं. मिळत होतं. दोनशे रुपयांच्या आत.

"कार्ड आणा, आत्ता घेऊन टाकू," मी म्हणालो.

"आत्ता? पक्षात?" काकूंनी हातातली परात खाली ठेवली. "परवा नवमीला सासूबाईंचं श्राद्ध आहे. त्यांच्याच पंधरवड्यात त्यांचं नाव विकत घेऊ? घटस्थापनेला घेऊ. आठ-दहा दिवसांत कुठे पळून जातंय?"

कुठे पळून जातंय ते मला ठाऊक होतं. या धंद्यातला जुना नियम आहे: पैसे भरायची तयारी नसेल तर नाव शोधायचंही नाही. तुम्ही शोधलं म्हणजे कुणाला तरी कळलं की या नावाला गिऱ्हाईक आहे. मग ते नाव मधल्या मध्ये उचललं जातं आणि दामदुप्पट किमतीला तुमच्याचसमोर ठेवलं जातं. सिद्ध कुणीच करू शकत नाही. कंपन्या योगायोग म्हणतात, आणि एखाद्या वेळी तो असेलही. पण आमच्यातला प्रत्येकजण एकदा तरी पोळलेला असतो. मी ते जाणून शोधलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर ऑफिसात जाऊन खात्री म्हणून त्याच संध्याकाळी आणखी दोनदा शोधलं. तेव्हाच माझ्या कार्डावर घेऊन टाकता आलं असतं. दातांचे डॉक्टर आठवले. मी लॅपटॉप मिटला.

डबे छापायची घाई होती. कल्याणचा छापखानेवाला नवरात्र लागलं की दर वाढवतो, आणि डबे दरवर्षीचेच, नवं काही नाही, म्हणून काकूंना पक्षात छापायला हरकत नव्हती. त्यांनी विचारलं, "पत्ता घालू का त्यावर?" मी म्हणालो, "घाला, झालंच समजा." वेबसाइटचं चित्रसुद्धा मी तयार करून ठेवलं.

घटस्थापनेला सकाळी काकूंनी घट बसवले, लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, कार्ड पुसून माझ्या हातात दिलं. मी नाव टाकलं. नाव गेलेलं होतं. कुणी घेतलं ते झाकलेलं, पण घेतल्याची तारीख दिसत होती. खाली त्याच कंपनीने मोठ्या अक्षरांत विचारलेलं, हे नाव हवंय का, मालकाशी आम्ही बोलणी करून देऊ, बोलणी करण्याचं शुल्क वेगळं. मालकाची अपेक्षा एक लाख ऐंशी हजार.

मी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. "सर, मागणीप्रमाणे किंमत असते," ती म्हणाली. मी म्हणालो, "अहो, मागणी एकाच माणसाची होती, ती माझी." तिने मला तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या कंपनीकडे बघितलं, तिसरीकडे बघितलं. सगळ्यांकडे तेच नाव, तोच आकडा. दुकानं दहा, गल्ला एक.

काकू मात्र तारखेकडे बघत होत्या. त्यांनी उठून कॅलेंडरचं पान मागे उलटलं, बोटाने मोजलं आणि एकदम खाली बसल्या.

"नवमी," त्या म्हणाल्या. "नाव नवमीला गेलंय. त्यांच्या दिवशी." मग म्हणाल्या, "त्यांना पसंत नव्हतं. हयातीत कधी आपलं नाव पुढे करू दिलं नाही त्यांनी, आणि मी ते जगाच्या बाजारात मांडायला निघाले."

तेव्हा बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की सासूबाईंचा काही संबंध नाही, हे मी केलं. पण काकू मला दोष देत नव्हत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक गिऱ्हाईक मला चोर समजत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. "असेल," मी म्हणालो. या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

शेपूट बदलून, म्हणजे डॉट कॉमच्या जागी डॉट इन करून, दुसरा पत्ता घेतला. सहाशे डब्यांवर नव्या पत्त्याच्या चिकटपट्ट्या लावायच्या होत्या. रोज दुपारी मी जाऊन बसायचो, फुकट, आणि मनातल्या मनात ते प्रायश्चित्त समजायचो. पण काकूंनी छापलेल्या डब्याचा फोटो आधीच सगळ्यांना पाठवला होता. तिकडच्या मुली जुनाच पत्ता टाकत होत्या, आणि त्यांना पडद्यावर दिसत होतं: सासूबाईंचं नाव, आणि खाली 'विकणे आहे'. एकीचा अमेरिकेतून फोन आला तेव्हा मी समोरच होतो. "काकू, तुम्ही बंद करताय? विकायला काढलंत? बऱ्या आहात ना?" काकूंनी हसून "नाही गं," म्हटलं. फोन ठेवला. तोपर्यंत असे अकरा फोन झालेले, हे मला त्यांच्या मदतनीस बाईने सांगितलं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी शेवटचे डबे कुरिअरला गेले. परदेशच्या ऑर्डरी निम्म्यावर आलेल्या. काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून हे नाव काढून टाकते. माझ्याच नावाने करीन, नाहीतर बिननावाने. त्यांची इच्छा नाही तर कशाला?" मग फोटोसमोर चकल्यांची वाटी ठेवून त्या हात जोडून उभ्या राहिल्या. पुटपुटणं मला ऐकू येत होतं. "चुकलं माझं. रागावू नका."

माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. तीनदा शोधलं ते, माहीत असून शोधलं ते, घेता आलं असतं आणि घेतलं नाही ते. "त्या रागावलेल्या नाहीत, काकू. कुणा नफेखोराने उचललंय, आणि वाट मी दाखवली."

मला वाटलेलं, चिडतील. कंपनीवर, माझ्यावर, पावणेदोन लाखांच्या आकड्यावर. काकू माझ्याकडे वळल्या.

"नाव गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "पण पंधरा दिवस मी रोज सकाळी त्यांची माफी मागतेय. आणि तुम्ही इथे समोर बसून पट्ट्या चिकटवत होतात."